नकली, पण कोणती नकली?

मला गिटार वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. तरीही सुरतेत बावीस वर्षं मी लोकांना त्यांची इलेक्ट्रिक गिटार कुठली आहे, कशी आहे, किती किमतीची आहे हे सांगत आलो, आणि लोक मान डोलावून ऐकत आले. गोंधळ तिथूनच सुरू होतो. तो अजून संपलाय असं काही मला वाटत नाही.

मी अमळनेरकडचा. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून मामाच्या मागोमाग सुरतेला आलो. मामा बमरोलीला प्रिंटिंग मिलमध्ये रंगखात्यात होता. मला त्या रंगांचा वास सोसेना, म्हणून भागळजवळ एका वाद्यांच्या दुकानात लागलो. काम होतं माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचं. मालक जयंतीभाई, अस्सल सुरती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर एक गिटार ठेवली. मी म्हटलं, "भाई, हे तर वाद्य. मला यातलं काय कळतं?"

जयंतीभाईंनी गिटारीच्या बुडातलं भोक दाखवलं. "आमां वायर जाय छे?"

"जाते."

"तो तारूं काम."

एवढ्यावर मी गिटारतज्ज्ञ झालो. पुढे पाच-सहा वर्षांत ऑर्केस्ट्रावाले, गरब्यावाले, बारडोली-नवसारीची बँडपथकं, सगळे मला 'वसंत मिस्तरी' म्हणायला लागले. माणसाला कुणी मिस्तरी म्हटलं की त्याला 'मला माहीत नाही' हे तीन शब्द उच्चारणं जड जातं. तसं ते मलाही गेलं.

आता धंदा थोडा समजावून सांगतो. त्या काळी आपल्याकडे ज्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी फिरायच्या त्यातल्या बहुतेक नकला. अमेरिकेतल्या दोन-तीन नामांकित कंपन्यांच्या गिटारी जगभर वाजत. जपानी कारखान्यांनी त्या समोर ठेवून हुबेहूब तशा बनवल्या, मग कोरियात बनल्या, मग आपल्याकडेही. बोटीवरच्या खलाशांच्या सामानातून, अलंगला तोडायला आलेल्या जहाजांच्या भंगारातून, परदेशातल्या नातेवाइकांकडून त्या सुरतेत येऊन पोचायच्या. डोक्यावर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या फळीवर, नाव. ते नाव वाचून गिऱ्हाईक खूश. उधन्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं तर ते नाव दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलं होतं. पेंटरनं सवयीनं खाली बारीक अक्षरात स्वतःचंही नाव टाकलं. ऑर्केस्ट्रावाला वर्षभर लोकांना सांगत होता की ते अमेरिकेतल्या कारागिराचं नाव आहे.

तर नाव वाचायचं नाही, हा पहिला धडा. मग बघायचं काय? मी रेडिओवाला, मी माझ्या परीनं बघायचो. आवाजाच्या बटणाखाली एक नट असतो. अमेरिकन मालाला इंचाचा पाना बसतो, जपानी मालाला मिलिमीटरचा. मग पुढची प्लास्टिकची पाटी उघडून लाकडाची कड बघायची. अखंड लाकूड असेल तर रेषा सरळ आत जातात, प्लायवूड असेल तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे दिसतात. मग डाग, म्हणजे सोल्डरिंग. प्रत्येक कारखान्याचा डाग वेगळा असतो, तसा प्रत्येक मेकॅनिकचाही. माझा डाग मी दहा डागांतून ओळखतो.

आणि एक सवय. आयटीआयच्या सरांनी लावलेली. जो सेट उघडशील त्याच्या आत पेन्सिलीनं आपल्या नावाची अक्षरं, तारीख आणि काय निघालं ते एका शब्दात लिहायचं. 'व. सो., कंडेन्सर, ओके.' गिऱ्हाईक दोन वर्षांनी भांडायला आलं की उघडून दाखवायचं. सर आणखी एक गोष्ट सांगायचे: उघडल्याशिवाय तोंड उघडू नये. लिहिण्याची सवय मी कधी मोडली नाही. दुसरी मोडली, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी कुलकर्णी साहेबांचं सांगतो, कारण माझ्या डोक्यातला पहिला मोठा घोळ त्यांनी घातला. साहेब बँकेत अधिकारी, पुण्याचे. मेहुण्यानं अमेरिकेहून गिटार पाठवलेली. मी सगळं उघडून पाहिलं. पाना इंचाचा, लाकूड अखंड, डाग कारखान्याचा. शंभर नंबरी असली. पण ती इतकी जड की खांदा उतरावा, आणि मान अशी ढिली बसवलेली की मान आणि अंग यांच्या फटीत एसटीचं तिकीट जावं. आमच्या दुकानात भिंतीवर एक जुनी जपानी नक्कल टांगलेली होती. साहेबांनी दोन्ही वाजवल्या. नक्कल गोड लागली.

"अहो मिस्तरी, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काहीतरी बिघाड आहे," साहेब म्हणाले.

मी वायरी बदलल्या. पुन्हा तेच. साहेबांनी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच त्यांच्या मेहुण्याला फसवलं होतं. मलाही कळेना. नकलेनं अस्सलाच्या पुढे जावं हे कुठल्या हिशेबात बसतं? पुढे कळलं की त्या काळात असली कंपन्यांनी काम सैल सोडलं होतं, आणि जपानी लोक मात्र त्यांच्या जुन्या, चांगल्या गिटारी समोर ठेवून इमानेइतबारे नकला करत होते. पण हे कळायला फार वर्षं गेली. तेव्हा मी नुसता डोकं खाजवत बसलो.

जयंतीभाईंना मात्र यात काही नवल वाटलं नाही. त्यांचं घराणं जरीचं. सुरतेत जरी दोन प्रकारची, असली आणि नकली. असली म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी, नकली म्हणजे तांब्याची तार. दुकानदार बॉक्सवर सरळ 'नकली' लिहून विकतो आणि गिऱ्हाईक मागून घेतं. नकलीतही चांगली, बरी, टाकाऊ असतं. त्यामुळे मी कुठल्याही गिटारीला नकली म्हटलं की जयंतीभाई चष्म्यावरून बघत विचारायचे, "नकली तो छे. पण कई नकली?" कोणती नकली? मी वैतागायचो. मला वाटायचं, नकली म्हटलं की संपलं.

सुमनवहिनी दुकानात आल्या ते दिवस गणपतीचे होते. सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगला तीन-चार वर्षं झाली होती. काउंटरवर माइकांचा ढीग, प्रत्येक मंडळाला आरतीआधी माइक हवा. अशात एक बाई जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन उभी राहिली. गळ्यात काही नाही, कपाळ मोकळं. बोलली ती आमच्याच बोलीत.

"भाऊ, हाई असली शे का नकली, तितलंच सांगा. ईकनी नही माले."

मी मान वर न करता दुकानातलं मराठी बोललो. "ठेवा, बघतो." अहिराणी मला येत नव्हती असं नाही. ती माझ्या आईची भाषा. पण काउंटरच्या आत असलो की मी ती बोलायचो नाही.

माझं हातातलं काम होईतो त्यांनी सांगितलं ते असं. नवरा सुभाष, गोडादऱ्याला लूमवर, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्यांनी आपल्या मंगळपोतीतलं सोनं मोडून त्याला ही गिटार घेऊ दिली. तो म्हणाला होता, असली अमेरिकन आहे, मी खात्री करून घेतली आहे. त्या काळे मणी दोऱ्यात ओवून राहिल्या. प्लेगमध्ये सगळी वस्ती भांडीकुंडी टाकून उधन्याहून भुसावळच्या गाडीला लोंबकळली, तेव्हा या माणसानं कपड्यांची पिशवी सोडली आणि गिटार घेतली. गेल्या वर्षी काविळीनं तो गेला. आणि आता धाकटा दीर सांगत होता की ही भंगारातली चार-पाचशेची वस्तू, बाकीचं सोनं भावानं बाहेर कुठे उडवलं ते विचारू नका. भाऊबंदांत बोभाटा झाला होता.

"पितरपाटमा त्यासनं पहिलंच पान शे," त्या म्हणाल्या. "माले समजाले जोयजे. त्या माले खोटं सांगी गयात का?" अहिराणीत नवऱ्याला असं 'त्या' म्हणतात.

आता कुणालाही कळेल की ही बाई गिटारीबद्दल विचारत नव्हती. मलाही कळलं असतं, पण मागे चार मंडळांचे कार्यकर्ते खोळंबले होते आणि मी वसंत मिस्तरी होतो. मी नावावर नख फिरवलं. सोनेरी अक्षरं वार्निशच्या वर, नखाला लागणारी, म्हणजे मागाहून काढलेली. बटण उपसून पाना लावला. मिलिमीटरचा चपखल बसला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"नकली आहे," मी म्हणालो.

"पक्कं?"

"शंभर टक्के."

माझ्या तोंडी तो शब्द जयंतीभाईंच्या दुकानातला होता, जरीच्या बॉक्सवर लिहितात तो. त्यांच्या कानाला तो खानदेशातला लागला. आपल्याकडे माणसाला नकली म्हटलं की पुढे काही उरत नाही. त्यांनी गिटारीखालची चादर ओढून घेतली. मग चादरीची घडी केली, काखेत घेतली आणि म्हणाल्या, "मंग आठेच ऱ्हाऊ द्या ती." गिटार तिथेच ठेवून गेल्या. मी हाक मारली, पण माइकांच्या खरखरीत ती विरून गेली. जयंतीभाईंनी नाव-पत्ता वहीत लिहिलेला होता म्हणून त्यांनी गिटार भिंतीवर टांगली. म्हणाले, येईल न्यायला.

त्या आल्या नाहीत. गणपती उठले, पितृपक्ष लागला आणि नवरात्राची कामं सुरू झाली. गरब्याच्या एका पार्टीबरोबर मुंबईहून डिसूझा नावाचे वयस्क गिटारवादक आले होते, तार घ्यायला दुकानात शिरले. भिंतीवरची गिटार उतरवून त्यांनी वाजवली. बराच वेळ वाजवली. मग मागं-पुढं करून बघितली आणि मला विचारलं, "मिस्तरी, ये जापान का है, पुराना वाला. इसको इधर कायको टांगा?"

"नकली आहे साहेब," मी म्हणालो.

"तो क्या हुआ? ऐसा नकली आजकल मिलता किधर है?" आणि त्यांनी एक आकडा सांगितला. तो ऐकून मी सोनाराच्या दुकानात काय भाव चाललाय ते मनात आठवू लागलो. पोतीतलं सोनं बहुतेक सगळं त्यात भरून निघत होतं.

जयंतीभाई सगळं ऐकत होते. चष्मा वर केला आणि म्हणाले, "खोलीने जो." उघडून बघ.

पुढच्या पांढऱ्या पाटीला अकरा स्क्रू होते. मी एकेक काढला. लाकूड अखंड निघालं, एकही पापुद्रा नाही. वायरिंग सुरेख. फक्त एक डाग कारखान्याचा नव्हता. गोल, जरा जास्त कथील घातलेला, एका बाजूला शेपूट ओढलेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. असा डाग मी सुरुवातीच्या वर्षांत मारायचो, शेपूट काढायची खोड नंतर गेली. मग टॉर्च घेतला. लाकडाच्या खोबणीत, पेन्सिलीनं, पुसट झालेलं, पण माझंच अक्षर:

'व. सो. असली. ओके.'

खाली महिना आणि वर्ष. मी दुकानात लागलो त्याच वर्षाचं.

मी स्टुलावर बसलो. आठवून बघितलं. कुणीतरी आलं असणार, विकणारा आणि घेणारा. वायर तुटलेली असणार, मी जोडून दिली असणार. घेणाऱ्यानं विचारलं असणार, असली का? आणि महिन्या-दोन महिन्यांचा मेकॅनिक असलेल्या मी डोक्यावरचं नाव वाचून, तज्ज्ञासारखा चेहरा करून, 'असली' म्हटलं असणार. त्यानं खात्री करून घेतली होती ती माझ्याकडून. त्याचा चेहरा आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आजही करतो. आठवत नाही.

डिसूझा विचारत होते, देणार का? मी म्हटलं, माझी नाही. पाटी लावून गिटार पाठीला बांधली आणि सायकल काढली. जयंतीभाईंनी काम कुणाकडे टाकलंस असंही विचारलं नाही.

रस्ताभर मी वाक्य जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं. काय सांगायचं? गिटार नकली आहे हे खरंच होतं. पहिल्यांदा असली म्हणालो ते चूक, दुसऱ्यांदा नकली म्हणालो ते बरोबर, आणि बाईचा विश्वास मोडला तो बरोबर सांगितल्यानं. चूक कुठली धरायची तेच कळेना.

सुमनवहिनी खोलीत साडीवर टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. मार्केटमधून साड्या घरी आणून बायका ते काम करतात. दीर दारातल्या खाटेवर बसलेला. पाठीवरची गिटार बघून वहिनींचा हात थांबला नाही. मी दारातच उभा राहून बोललो, आणि तोंडातून अहिराणीच आली.

"वहिनी, त्या खोटं नही बोलनात. खोटं मी बोलनू."

मग जमिनीवर बसून सगळं सांगितलं. खिशातून पेचकस काढला, दीर बघत होता त्याच्यासमोर अकरा स्क्रू काढले आणि टॉर्च धरला. वहिनींनी पदराला हात पुसले, वाकल्या आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. व. सो. कोण ते त्यांनी विचारलं. मी छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही जानीसन सांगं का?"

"नही. माले तवय समजे नही."

"मंग तुम्हनंबी खोटं नही, त्यासनंबी नही." मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "आते तरी समजस का?"

मी मिस्तरी झाल्यापासून पहिल्यांदा म्हणालो, "थोडं थोडं."

डिसूझांचा आकडाही मी सांगितला. दीर खाटेवरून उठला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या मलाच सांगत होत्या, हळू आवाजात. "तिथीले मी त्यासनं पान वाढं. पन हात जोडात नही." मी माफी मागितली की नाही तेही नीट आठवत नाही. मागितली असावी. मग त्या उठल्या, कोनाड्यातलं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "अमावस्या बाकी शे आजून."

सर्वपित्रीला दोन दिवस होते.

मी पाटी परत लावायला घेतली आणि सवयीनं कानामागची पेन्सिल काढली. मेकॅनिकनं चुकीची नोंद ठेवू नये. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं मी 'असली' पुसायला गेलो, त्या जागी जपानी, नक्कल, उत्तम, असं काहीतरी लिहावं म्हणून. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "त्यासनी हाईच वाचेल व्हतं."

मी अकरा स्क्रू लावले.

त्यांनी ती तेव्हा विकली नाही. दोन वर्षांनी त्या शिरपूरकडे माहेरी गेल्याचं कळलं, गिटारीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्यानंतर असली का नकली असं कुणी विचारलं की मी आधी उघडायचो, मग विचारायचो, तुम्हाला हे कशासाठी हवंय? गिऱ्हाइकं चिडायची. जयंतीभाई हसायचे. नोंदीत मी तारीख आणि दुरुस्ती लिहायचो, निकाल लिहिणं बंद केलं.

बावीस वर्षांत मी जाणूनबुजून चुकीची ठेवलेली ती एकच नोंद. कधीतरी, कुठेतरी एखादा मेकॅनिक ती गिटार उघडेल. पाना मिलिमीटरचा, लाकूड जपानी, आणि आत पुसट अक्षरात 'असली. ओके.' तो गोंधळून जाईल आणि कोण हा गाढव व. सो. म्हणून मला शिव्या देईल. त्यानं जरूर द्याव्यात. फक्त पुसू नये.